फेब्रुवारीत ३०० का?

हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये अडकलं की फोनवर जे फॉरवर्ड वाचून होतात, त्यांतलं एक सध्या आमच्या प्रत्येक ग्रुपवर फिरतंय: ‘चांगल्या कोडला कमेंट लागत नाही. लागली, तर तुमचा कोड नापास.’ कमेंट म्हणजे कोडमध्येच, तो वाचणाऱ्या माणसासाठी लिहिलेली टीप. फॉरवर्डमध्ये खाली तीन कारणं.

पहिलं, व्हेरिएबलना, म्हणजे कोडमध्ये माहिती साठवायच्या कप्प्यांना, नावं नीट दिली की कोड स्वतःच बोलतो. बोलतो हो, पण काय? महाराष्ट्रातल्या पगाराच्या सॉफ्टवेअरमध्ये व्यवसाय कराची अट असते: महिना फेब्रुवारी असेल तर ३००, नाहीतर २००. यात न कळण्यासारखं काहीच नाही. तरी आमच्याकडे एका नव्या मुलाला ती चूक वाटली आणि त्याने सगळीकडे २०० करून टाकले. रिव्ह्यू करणारा, म्हणजे बदल तपासणारा, हैदराबादचा. ‘सुटसुटीत झालं’ म्हणून त्यानेही ते मर्ज केलं, म्हणजे मुख्य कोडमध्ये घेतलं. फेब्रुवारीच्या स्लिपा निघाल्यावर अकाउंट्सवाल्या काकांनी जे सुनावलं, ते इथे लिहिता येणार नाही. मुद्दा एवढाच होता की वर्षाचे २५०० भरायचे, त्याला बाराने नीट भाग जात नाही, म्हणून अकरा महिने २०० आणि उरलेले ३०० फेब्रुवारीत. आणि २५०० च का, तर राज्यघटनेच्या कलम २७६ मधली कमाल मर्यादाच तेवढी आहे. आता हे बसवा बघू व्हेरिएबलच्या नावात!

दुसरं, कमेंट शिळ्या होतात. होतात. ‘काउंटर एकने वाढवा’ असल्या कमेंट मीही दिसतील तिथे उडवतो. पण कोड बदलताना वरची ओळ वाचायचा आळस केला, तर दोष ओळीचा कसा?

तिसरं, कारणं डॉक्युमेंटमध्ये असतातच. एरियन ५ या युरोपियन रॉकेटचीही होती. ४ जून १९९६ ला ते रॉकेट पहिल्याच उड्डाणात सुमारे ४० सेकंदांत फुटलं. ६४ बिटांतली एक संख्या १६ बिटांत मावली नाही. धोक्याची सात व्हेरिएबल आधीच हेरलेली होती. चारांना संरक्षण दिलं, तीन जाणूनबुजून सोडली, आणि त्या तिनांतल्याच एकाने घात केला. चौकशी मंडळाने नोंदवलं की या निर्णयाचं कारण सोर्स कोडमध्ये थेट कुठेच सापडलं नाही, कागदपत्रांच्या ढिगात ते झाकलं गेलं. एका कमेंटने रॉकेट वाचलं असतं असा माझा दावा नाही. बाहेरच्या तपासनिसाला निदान थांबून विचारायला जागा मिळाली असती.

आमच्या त्या अटीवर आता कमेंट आहे, त्याच मुलाने लिहिलेली: ‘११ × २०० + ३०० = २५००. हात लावण्याआधी अकाउंट्सला विचारा.’ रिव्ह्यूत एकाने शेरा मारलाच, ‘हिची गरज आहे का?’