‘चॉकलेटं कमी द्या’ या एक स्टारच्या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार ताई,

तुम्ही लिहिलंय की सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या दोषामुळे स्नायूंवर नीट ताबा नसणं) असलेल्या चार वर्षांच्या मुलाला मांडीवर घेऊन पाऊण तास ताटकळावं लागलं, वर ‘चॉकलेटं कमी द्या’ हे ऐकावं लागलं, दाढा भरल्या नाहीतच, उलट औषध लावून पुढचे दोन दात काळे केले आणि बांबोळीच्या डेंटल कॉलेजला पाठवलं. मुलाबद्दल तुम्ही स्वतः लिहिलंत त्यापलीकडे मी इथे काही लिहिणार नाही.

चॉकलेटचं वाक्य माझंच. सवयीनं तोंडातून गेलं. सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलाचे दात किडायला चॉकलेट लागतंच असं नाही. जीभ हवी तशी वळत नाही, म्हणून पेज म्हणा, तिजण (नाचणीची पातळ लापशी) म्हणा, गालात साचून राहतं. गिळायला त्रास, म्हणून खाणं मऊ आणि दिवसभर थोडं थोडं. फिटचं सिरप पुष्कळदा साखरेचं. रात्रीचा डोस घेऊन झोपलेल्या मुलाचं तोंड कोण धुणार? काहींना आंबट वर येतं, त्यानं दाताचं कवच झिजतं. ब्रश आत गेला की जबडा आपसूक मिटतो, तो काही हट्ट नसतो. एवढं ठाऊक असून मी दोष आईच्या पदरात टाकला. माफ करा.

काळा रंग सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड या औषधाचा. ड्रिल, इंजेक्शन न लागता कीड थोपवायला ते चांगलं, पण किडलेला भाग काळा पडतो तो कायमचा. हे मी तोंडी सांगितलं होतं, फोटो दाखवला नव्हता. आता फोटो दाखवल्याशिवाय लावत नाही.

बांबोळीबद्दल मात्र माझं मत बदललेलं नाही. हातपाय दाबून धरून खोल किडलेल्या दाढांत ड्रिल घालणं मला जमणार नाही, आणि जमवायचंही नाही. पूर्ण भूल दिली तर सगळं काम बहुधा एकाच बैठकीत होतं. त्याला भूलतज्ज्ञ हवा, थिएटर हवं. डिचोलीतल्या माझ्या दोन खुर्च्यांच्या दवाखान्यात ते नाही. बांबोळीला डेंटल कॉलेज आहे, शेजारीच गोमेकॉ, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेज. (गिऱ्हाईक दुसरीकडे धाडून मला काय मिळणार?)

ताटकळण्याला चवथीपूर्वीची गर्दी हे कारण पुरेसं नाही. अशा मुलांसाठी आता सकाळची पहिली वेळ राखून ठेवली आहे.

तोवर सिरपनंतर ओल्या फडक्यानं गाल आतून पुसा, रात्री वाटाण्याएवढी फ्लोराइडची पेस्ट लावा. साखर नसलेलं सिरप मिळेल का, ते मुलाच्या डॉक्टरांना विचारा. डोस मात्र स्वतःहून बदलू नका.

काळ्या दातांना साधारण सहा महिन्यांनी औषध परत लावावं लागेल. त्याचे पैसे घेणार नाही.