उरीयाचे काय?

गेल्या रविवारी आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, साक्ष देताना एका गृहस्थांनी सांगितले की, धाकट्या भावाच्या वाट्याची जमीन आपण अनेक वर्षांपूर्वी खोट्या सह्या करून बळकावली होती, परंतु प्रभूने क्षमा केल्यामुळे आता मन हलके झाले आहे. सर्वांनी ‘आमेन’ म्हटले. मीही म्हटले आणि बाहेर पडल्यावर मला त्याची लाज वाटली, कारण सातबाऱ्यावर अजून त्यांचेच नाव आहे आणि धाकटा भाऊ उपासनेला आलेलाच नव्हता.

घरी येऊन बायबलमधील शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकातले अकरावा आणि बारावा हे अध्याय पुन्हा वाचले. उरीया हित्ती रणांगणावर असताना इस्राएलच्या दावीद राजाने त्याच्या पत्नीला, बथशेबेला, राजवाड्यात आणवले, आणि ती गरोदर राहिल्यावर उरीयाला ऐन लढाईच्या तोंडी उभे करून बाकीच्यांनी मागे हटावे, असा हुकूम सेनापती यवाबाला लिहिला. ते पत्र नेले खुद्द उरीयानेच, आणि त्या लढाईत तो मारला गेला. पुढे नाथान संदेष्टा राजाला एका श्रीमंताने गरिबाची एकुलती एक मेंढी हिरावल्याची गोष्ट सांगतो, दावीद संतापून त्या श्रीमंताला मरणदंड आणि चौपट भरपाई फर्मावतो, आणि नाथान म्हणतो, “तो मनुष्य तूच आहेस.” दावीद कबुली देताच त्याला क्षमा मिळते, पण तलवार त्याच्या घराला सोडणार नाही, हा आधी सुनावलेला निवाडा मागे घेतला जात नाही. बथशेबेला झालेले बाळही दगावते. त्या बाळाचा काय दोष, याचे मला पटेल असे उत्तर आजवर मिळालेले नाही. बापाच्या अन्यायाचा भार मुलगा वाहणार नाही, असे यहेज्केल संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या अठराव्या अध्यायात स्पष्ट म्हटलेले असताना तर नाहीच.

याच प्रसंगाशी परंपरेने जोडलेल्या एक्कावन्नाव्या स्तोत्रात दावीद देवाला म्हणतो की, मी तुझ्याविरुद्ध, तुझ्याविरुद्धच पाप केले आहे. मनुष्य देवाच्या प्रतिरूपाचा असल्यामुळे त्याच्यावरचा प्रत्येक अन्याय शेवटी देवावरच जातो, हे स्पष्टीकरण मला मान्य आहे, मात्र त्याचा आधार घेऊन ज्याचे नुकसान झाले त्याला हिशेबातूनच वगळायचे, ही आपली सोय आहे. “तुमच्याकडे कबुली दिली की सुटका, आमच्याकडे कर्माचे फळ भोगावेच लागते,” असे हिंदू मित्र म्हणतात तेव्हा आपण रागावतो, पण त्यांनी आपले वागणे पाहूनच हा निष्कर्ष काढलेला असतो.

शास्त्र तसे सांगत नाही. यरीहोचा मुख्य जकातदार जक्कय याच्या घरी येशू आपण होऊन पाहुणा जातो, म्हणजे कृपा आधी येते. त्यानंतर जक्कय उभा राहून अर्धी मालमत्ता गरिबांना आणि अन्यायाने घेतलेले चौपट परत देण्याचे कबूल करतो, आणि आज या घराला तारण (पापातून सुटका) मिळाले, हे येशूचे शब्द त्यानंतरचे आहेत. ही तीच चौपट, जी दावीदाने नकळत स्वतःवर ठोठावली होती. येशूच्या डोंगरावरील प्रवचनात तर आज्ञा आहे की, वेदीपाशी असताना भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे हे आठवले, तर अर्पण तिथेच ठेव आणि आधी त्याच्याकडे जा. कॅथलिक चर्चच्या 1992 च्या धर्मशिक्षणग्रंथातही पापनिवेदनानंतर चोरलेली वस्तू परत करण्यासारखी शक्य ती भरपाई करणे आवश्यक मानले आहे. आम्ही प्रोटेस्टंट मंडळी ‘कर्मांनी तारण नाही’ या वाक्यामागे लपून एवढेही विचारत नाही.

नव्या कराराच्या पहिल्याच पानावर मत्तयाने येशूची वंशावळ दिली आहे. दावीदाला क्षमा मिळून तोवर सुमारे हजार वर्षे लोटली होती. तरीही मत्तय दावीदाच्या नंतरच्या मुलाच्या, शलमोनाच्या, आईचे म्हणजे बथशेबेचे नाव घेत नाही (ही माझी वेगळी तक्रार आहे). तो लिहितो की दावीदाला शलमोन झाला, तो उरीयाच्या बायकोपासून.