‘छान प्रयत्न’ या प्रतिक्रियेला उत्तर: सहा निळे सारखे नाहीत

नमस्कार.

फाउंटन पेनसाठी नव्याने घेतलेल्या सहा निळ्या शायांची तुलना मी एका लेखात केली होती, त्यावरची तुमची प्रतिक्रिया वाचली. मी सोयीची वाक्यं उचलली असं कुणाला वाटू नये म्हणून ती आधी पूर्ण देते.

‘छान प्रयत्न. पण सहाही निळे मला तरी सारखेच दिसले. रंग पारखायला तयार नजर लागते, घरबसल्या मोबाईलवर फोटो काढून ते होत नसतं. बोळ्याने फासलेला रंग आणि निबने लिहिलेला रंग एक नसतो, आणि निब कोणती तेही दिलेलं नाही. पाणी पडल्यावर काय होतं हे तपासलेलं नाही. निळीच शाई हवी तर कॅमल आहे की, एवढा खर्च कशाला?’

माझी चूक आधी कबूल करते. निब कोणती हे लिहायचं राहिलं. सगळ्या ओळी एकाच पेनने, स्टीलच्या मीडियम निबने लिहिल्या आहेत. प्रत्येक शाईनंतर पाणी स्वच्छ येईपर्यंत पेन धुतलं आणि रात्रभर वाळवलं. जाड निबमधून शाई जास्त उतरते आणि तोच निळा गडद दिसतो, म्हणून हे सांगायला हवं होतं. तेवढं तुमचं बरोबर.

आता ‘छान प्रयत्न’. हे दोन शब्द वाचून मी दोन दिवस उत्तर लिहिलं नाही, कारण रागात लिहायचं नव्हतं. ज्या मुलाचा निबंध जेमतेम पास होतो त्याच्या वहीत बाई असा शेरा मारतात. त्या लेखात माझे ११ दिवस गेले. बाटल्या पदरच्या पैशांनी घेतल्या, कुणी एक थेंब फुकट दिलेला नाही. लेख आवडला नाही तर ‘आवडला नाही’ म्हणा, ‘चुकलात’ म्हणा. आधी पाठ थोपटायची आणि पुढच्याच वाक्यात सगळं पुसून टाकायचं, ही कुठली रीत? इथे तुमच्याहून कडक लिहिणारे वाचक आहेत. त्यांचं मला कधी लागलं नाही, कारण ते बरोबरीच्या नात्याने बोलतात.

पण खरं लागलं ते ‘तयार नजर’. बाकीच्या मुद्द्यांवर फार वेळ घालवणार नाही, यावर मात्र सविस्तर लिहिते.

माझे वडील सोलापुरात चादरीच्या कारखान्यात डाईंग मास्टर होते, म्हणजे सूत रंगवण्याचं काम बघायचे, ३१ वर्षं. आमच्या घरी वडिलांना नान्ना म्हणतात. पूर्व भागातल्या तेलुगू घरांत हाच शब्द ऐकू येईल. पाचवीपासून मी त्यांचा डबा घेऊन कारखान्यात जायचे. डाईंगच्या खात्यात पाऊल टाकलं की वाफ अंगावर यायची, कॉस्टिक आणि हायड्रो या रंगकामातल्या रसायनांचा वास नाकात बसायचा, पायाखालून रंगीत पाणी वाहत असायचं. नान्ना टाकीतून सुताची लडी वर काढायचे, तिचा बोटभर झुपका तोडायचे, पिळून जुन्या कापडात दाबून कोरडा करायचे आणि दाराशी यायचे. दार उत्तरेला होतं. उत्तरेकडून ऊन सहसा थेट आत येत नाही, त्यामुळे उजेड दिवसभर बराचसा एकसारखा राहतो. मग ते खिशातून मूळ सॅम्पलचा झुपका काढायचे, दोन्ही झुपके एकत्र करून दोन बोटांत पीळ द्यायचे आणि डोळ्यांसमोर धरायचे. पिळात दोन सुतं वेगळी ओळखू आली की शेड, म्हणजे रंगाची छटा, चुकली. नाही आली तर लॉट पुढे जायचा.

कधीकधी तो पीळ माझ्या हातात द्यायचे आणि विचारायचे, ‘काय कमी हाय?’

मी म्हणायचे, निळा.

‘निळा न्हाई. लाल कमी हाय. परत बघ.’

असं शंभरदा झालं असेल. निळ्यात लाल किती आहे हे बघायला मी शिकले ती त्या दारात, दहा-अकरा वर्षांची असताना. ओलं सूत गडद दिसतं म्हणून नान्ना ओल्या सुतावर कधीच शेड पास करत नसत. मी शाईचा फोटो लिहिल्या लिहिल्या काढत नाही, २४ तास थांबते, ती सवय तिथलीच. आता सांगा, नजर आणखी कुठे तयार करायची असते?

हेही सांगते, कारण ते थेट तुमच्या मुद्द्याला जाऊन भिडतं. मी आठवीत असताना निळ्या किनारीच्या चादरींचा एक मोठा लॉट एका व्यापाऱ्याने परत पाठवला. त्याच्या दुकानात, ट्यूबलाइटखाली, किनार सॅम्पलशी जुळत नव्हती. नान्ना सायकलवर तिथे गेले, चादर आणि सॅम्पल दोन्ही रस्त्यावर आणून धरले. उन्हात जुळत होतं. व्यापारी म्हणाला, गिऱ्हाईक दुकानात घेतं, रस्त्यावर नाही. त्या लॉटचे पैसे तीन महिने नान्नांच्या पगारातून कापले गेले. घरी त्यावर कुणी बोललं नाही, पण दिवाळीला आम्हा दोघी बहिणींना नवे कपडे आले नाहीत, तेव्हा आम्हाला कळायचं ते कळलं.

कारण मला बऱ्याच वर्षांनी समजलं. सॅम्पल ज्या रंगाने केलं होतं तो संपला होता, म्हणून नान्नांनी दुसरे दोन रंग मिसळून तीच शेड बसवली होती. वेगवेगळ्या रंगद्रव्यांनी बनलेले दोन निळे एका उजेडात तंतोतंत जुळतात आणि दुसऱ्या उजेडात फुटतात. सूर्यप्रकाशात सगळ्या रंगांच्या लहरी सलग असतात. ट्यूबच्या उजेडात काही लहरी भरमसाट आणि काही जवळजवळ नसतातच. याला मेटामेरिझम म्हणतात. म्हणजे नान्ना चुकले नव्हते आणि व्यापारीही खोटं बोलत नव्हता. पैसे मात्र आमचे गेले.

म्हणूनच माझ्या लेखात प्रत्येक शाई दोन फोटोंत आहे: एक सकाळी साडेआठला उत्तरेच्या खिडकीतला आणि एक रात्री ट्यूबखालचा. तुम्ही दोन्ही बघितलेत का? माझ्याकडच्या पानावर वॉटरमनची सेरेनिटी ब्लू आणि पेलिकनची ४००१ रॉयल ब्लू ट्यूबखाली बहिणी वाटतात. खिडकीत धरल्या की वॉटरमन जांभळ्याकडे सरकते, पेलिकन वाळल्यावर थोडी फिकट, धुवट होते. पायलटची इरोशिझुकू कोन-पेकी यांच्या वाऱ्यालाही उभी राहत नाही. ती आकाशी, मोरपंखीकडे झुकणारी. डायमाइनची मजेस्टिक ब्लू गडद, आणि जिथे शाई दाट साचते तिथे तांबूस लाल चकाकी येते. ती चकाकी साध्या झेरॉक्सच्या कागदावर दिसत नाही, कारण तो कागद शाई पिऊन टाकतो. शाई वरच राहील असा गुळगुळीत कागद लागतो, तोही मी वापरला आहे. वॉटरमनचा एक थेंब टिश्यू पेपरच्या पट्टीवर टाकून पट्टीचं टोक पाण्यात बुडवलं, तर पाणी चढता चढता निळ्यातून जांभळट पट्टा वेगळा झाला. त्याचा फोटोही लेखात आहे, वरून सातवा. हे सगळं ‘सारखेच’?

मोबाईलवरच्या फोटोबद्दल. पानभर निळं दिसलं की फोनचा कॅमेरा आपल्या मनाने ते सारखं करायला जातो आणि पांढरा कागद पिवळट करून ठेवतो, हे मला माहीत आहे. म्हणून सहाही शाया एकाच फोटोत, एकाच कागदावर आहेत आणि सर्वात वर कॅमलची रॉयल ब्लू आहे. तिला तुलनेत धरलेलं नाही, ती मापाची पट्टी आहे. महाराष्ट्रात शाळा शिकलेल्या माणसाने तो निळा बोटांवर, खिशावर, दप्तरावर बघितलेला असतो. फोटोतला कॅमल तुम्हाला आठवणीतल्या कॅमलपेक्षा वेगळा वाटला, तर बाकीचे सहा तितकेच सरकवून वाचायचे. दोन झुपके एकत्र पिळण्याचीच ही पद्धत आहे. एकटा रंग कुणालाच नीट सांगता येत नाही, शेजारी ओळखीचा रंग लागतो.

आणि तुमच्या फोनचं काय? डोळ्यांना त्रास होऊ नये म्हणून निळा उजेड कमी करणारा फिल्टर बऱ्याच फोनवर रात्री आपोआप चालू होतो, पडदा पिवळसर पडतो आणि सगळे निळे एकमेकांत मिसळतात. तुमची प्रतिक्रिया रात्री पावणेबाराची आहे. कोन-पेकीसारखा हिरवटाकडे झुकणारा झळझळीत निळा तर साध्या पडद्याला पूर्ण दाखवताच येत नाही, तो लेखात मंदच दिसणार, हे मी तिथे लिहिलंही होतं. आणखी एक, आणि हे रागाने म्हणत नाही: ज्यांना लाल कमी दिसतो त्यांना जांभळा आणि निळा एकच वाटू शकतो. हा दोष जन्मजात असतो आणि बायकांपेक्षा पुरुषांत कितीतरी जास्त आढळतो. नावावरून तुम्ही पुरुष दिसता. दुसऱ्याच्या नजरेवर लिहिण्याआधी एकदा तपासून घ्यायला हरकत नव्हती.

‘घरबसल्या’ हा शब्दही मला खटकला. हो, घरीच बसते. एप्रिलचं सोलापूर ४२ अंशांत असतं. टोपण उघडं राहिलं की निबवरच्या शाईतलं पाणी उडतं, शाई दाट होते आणि पहिला शब्द बाटलीतल्या रंगापेक्षा गडद उमटतो. म्हणून मी सकाळी लिहिते आणि प्रत्येक ओळीआधी दुसऱ्या कागदावर दोन ओळी गिरवून टाकून देते. पंखाही बंद ठेवते. अशा घरात बसून ११ दिवस लिहून बघा.

गेल्या वर्षी नान्नांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. मोतीबिंदूचं भिंग पिवळं पडतं आणि निळा अडवतं. पट्टी काढल्यावर ते दवाखान्याच्या खिडकीतून आभाळ बघत बसले होते, घरी चला म्हटलं तरी उठेनात. तुमची प्रतिक्रिया आल्यावर मी त्या सहा ओळी कापून सहा पट्ट्या केल्या, नावं मागच्या बाजूला लिहिली आणि काही न सांगता त्यांच्यासमोर टाकल्या. त्यांनी चष्मा पुसला, पट्ट्या उचलल्या आणि सवयीने दाराकडे गेले. परत आले तेव्हा तीन ढीग केले होते. वॉटरमन, पेलिकन आणि लॅमीची ब्लू एकीकडे, ‘ह्यात लाल हाय, ह्यात सगळ्यात जास्त’ म्हणून वॉटरमनवर बोट. डायमाइन आणि सुलेखा मधे. कोन-पेकी एकटी लांब. माझ्या लेखातली मांडणी हीच आहे, फक्त सुलेखा मी पेलिकनच्या जवळ ठेवली होती. त्यावर आमचं दोघांचं थोडं वाजलं. मी पुन्हा खिडकीत नेऊन बघितली, आणि आता मला त्यांचंच पटतंय. लेखात तसा बदल केला आहे. असा बदल मी आनंदाने करते, पण आधी समोरच्याने पट्टी हातात घेऊन दाराशी जावं.

राहिलेलं थोडक्यात. बोळ्याचा रंग आणि निबचा रंग वेगळा असतो हे खरं, म्हणूनच प्रत्येक शाईसमोर दोन्ही दिले आहेत. फोटो मोठा करून बघितला असता तर दिसलं असतं. पाण्याचा प्रश्न रंगाच्या लेखाला विचारण्यात अर्थ नाही. पेलिकन आणि लॅमीच्या या निळ्या धुतल्या जाव्यात म्हणूनच बनवलेल्या असतात, जर्मनीत शाळेतली मुलं खास पेनने ती अक्षरं खोडतात. त्या पाण्यात टिकतात का हे तपासायला मला एक कागदही वाया घालवायचा नाही. कॅमलबद्दल माझ्या मनात आदरच आहे. १९३१ साली मुंबईत दांडेकरांनी शाईच्या पुड्या आणि वड्यांपासून सुरुवात केली, त्या शाईने आमच्या दोन पिढ्या शिकल्या. सुलेखाही १९३४ ची, स्वदेशीच्या चळवळीतून आलेली. पण माझ्या पैशांनी मी कुठली बाटली घ्यावी हे तुम्ही कशाला सांगावं? २२ वर्षं पतसंस्थेत खतावण्या लिहिल्या, त्या पगारातून घेतल्या आहेत.

निबचा उल्लेख मूळ लेखात घातला आहे. खिडकीतला फोटो मोठा करून पुन्हा लावला आहे. तुमची प्रतिक्रिया काढलेली नाही, काढणारही नाही. पुढचा लेख हवेत काळ्या पडणाऱ्या ब्लू-ब्लॅक शायांवर आहे आणि त्यात पाण्याची परीक्षा असेल. ती मी आधीच ठरवली होती, तुमच्या सांगण्यावरून नाही.