मान ओढून मान बसत नाही

जत्रांचा हंगाम सुरू झाला की बेळगाव, खानापूर आणि निपाणी भागातील तालमींच्या व्हॉट्सॲप गटांवर कुस्ती मैदानांच्या जाहिराती फिरू लागतात आणि त्यांच्या पाठोपाठ नको ते संदेशही येतात. सध्या फिरणाऱ्या अशाच एका लांबलचक संदेशाचा गोषवारा असा: टीव्हीवरची डब्ल्यूडब्ल्यूई या अमेरिकी कंपनीची कुस्ती ही निव्वळ नाटकबाजी असून तिथे आजवर कोणालाही खरी इजा झालेली नाही, रिंगखाली स्प्रिंगा आणि गाद्या असतात, रक्त म्हणजे रंग, जोर-बैठका मारलेल्या आपल्या पैलवानाची मान तर मोडूच शकत नाही, आणि कोणी मानेवर पडलाच, तर त्याचे हातपाय हलतात का एवढेच पाहावे. हलत असतील तर मान शाबूत आहे असे समजून दोघांनी खांदे दाबून धरावेत, तिसऱ्याने झटका देऊन मान ओढावी, गरम तेल चोळावे आणि दवाखान्यात मुळीच नेऊ नये, कारण तिथे मानेत सळ्या घालून पैलवानाला जन्माचे अंथरूण धरायला लावतात. शेवटी 'प्रत्येक तालमीत पोहोचवा' हे आलेच.

माझा भाचा बेळगाव तालुक्यातील एका गावच्या तालमीत सराव करतो. त्याने हा संदेश मला पाठवला आणि खाली लिहिले, "मामा, हे खरं काय? आमच्या गटात सगळ्यांनी अंगठे दिलेत." अंगठे देणाऱ्यांत पोरांबरोबर जाणती माणसेही होती, म्हणून हे लिहिणे भाग पडले. संदेशातील सुरुवातीचे दावे अडाणीपणाचे आहेत, शेवटचा जीव घेणारा आहे. तेव्हा आधीचे झटपट उरकतो.

निकाल आधी ठरलेला असतो, हे खरे आहे, आणि ते उघड करण्यासाठी कोणा संदेशवीराची गरज नव्हती. हा करमणुकीचा कार्यक्रम आहे, खरी स्पर्धा नव्हे, असे त्या कंपनीनेच १९८९ साली न्यू जर्सी राज्याच्या सिनेटपुढे मांडले होते, कारण तिला क्रीडा आयोगाच्या नियंत्रणातून आणि करातून सुटका हवी होती. आपल्याकडे अशा ठरवून केलेल्या लढतीला नुरा कुस्ती म्हणतात आणि ती ओळखू आली की प्रेक्षक पंचांना धारेवर धरतात. तिकडे तोच राजरोस धंदा आहे. मात्र निकाल ठरवला म्हणून शंभर-सव्वाशे किलोचा देह हलका होत नाही. गाद्यांचे म्हणाल, तर रिंगला पोलादी सांगाडा असतो, त्यावर फळ्या, फळ्यांवर पातळ फोम आणि वर ताणलेले कॅनव्हास. रक्ताबद्दल एवढेच सांगतो की कित्येक मल्लांनी लपवून नेलेल्या ब्लेडने स्वतःचे कपाळ चिरून घेतलेले आहे. त्यापेक्षा रंग असता तर बरे झाले असते.

'आजवर कोणालाही इजा झालेली नाही' हे वाक्य लिहिणाऱ्याने पाच मिनिटे शोध घेतला असता तरी ते खोडले असते. ड्रोझ या नावाने खेळणारा डॅरन ड्रोझडॉव्ह ऑक्टोबर १९९९ मध्ये पॉवरबॉम्ब हा उचलून पाठीवर आपटण्याचा डाव चुकल्यामुळे मानेवर आदळला. त्यानंतर २०२३ साली मृत्यू येईपर्यंत त्याचे आयुष्य चाकाच्या खुर्चीत गेले. अशाच ठरवून खेळल्या जाणाऱ्या जपानी कुस्तीतला मित्सुहारू मिसावा हा आपटणे अंगावर झेलण्यात वाकबगार समजला जाई. १३ जून २००९ रोजी हिरोशिमात मागे उचलून टाकण्याच्या एका नेहमीच्या डावात त्याच्या मानेतील मज्जारज्जूला इजा झाली आणि तो त्याच रात्री गेला. आपल्याकडची पोरे ज्याचा मुखवटा घालून फिरतात त्या रे मिस्टेरिओबरोबर मार्च २०१५ मध्ये मेक्सिकोतील तिहुआना शहरात लढताना पेरो आग्वायो ज्युनियरची मान मोडली. तो रिंगच्या दोरावर निपचित लोंबकळत होता आणि सामना काही वेळ तसाच चालू होता.

नाटकाचा मुद्दा इथे संदेशाच्या विरुद्धच जातो. जिथे निपचित पडणे हा अभिनयाचाच भाग असतो, तिथे खरोखर निपचित पडलेला माणूस ओळखायला उशीर होतो. म्हणूनच पंचाने दोन्ही हात डोक्यावर फुलीसारखे धरून 'ही इजा खरी आहे' असे कळवण्याची खूण त्या लोकांना ठेवावी लागली.

डाव किती थोडक्याने चुकतो, हे ज्या पोरांना तो तालमीच्या मातीच्या हौद्यात करून बघायची खुमखुमी येते त्यांनी नीट समजून घ्यावे. ३ ऑगस्ट १९९७ च्या लढतीत ओवेन हार्टने स्टीव्ह ऑस्टिनला उलटा धरून पाइलड्रायव्हर मारला. या प्रकारात उचलणारा एरवी गुडघ्यांवर येतो आणि खालच्याचे डोके त्याच्या मांड्यांच्या आधाराने जमिनीपासून थोडे वर राहते. त्या दिवशी हार्ट गुडघ्यांवर न येता बसला, ऑस्टिनचे डोके मांड्यांच्या खाली उतरलेले होते, आणि दोघांचे वजन त्याच्या टाळूवरून मानेत गेले. ऑस्टिनचे हातपाय काही क्षण लुळे पडले. मग थोडी हालचाल परतली, तो कसाबसा रांगला आणि ठरल्याप्रमाणे लढत जिंकलाही. संदेशाच्या हिशेबाने हा माणूस ठणठणीत होता. प्रत्यक्षात त्याच मानेवर जानेवारी २००० मध्ये शस्त्रक्रिया करावी लागली आणि २००३ मध्ये त्याला निवृत्त व्हावे लागले.

आता पैलवानाची मान मोडत नाही या फुशारकीकडे येतो. व्यायामाने मानेचे स्नायू बळकट होतात आणि काही झटके ते पेलतात, एवढे मान्य करतो. परंतु डोके किंचित पुढे झुकलेले असताना टाळूवर सरळ आघात झाला, तर मानेचा नैसर्गिक बाक नाहीसा होऊन मणके एका सरळ खांबासारखे होतात आणि सगळा भार हाडांवर येतो. तिथे स्नायूंचे काही चालत नाही. अमेरिकन फुटबॉलमधील मानेच्या दुखापतींची नोंद डॉ. जोसेफ टॉर्ग यांनी वर्षानुवर्षे ठेवली. ते खेळाडू काही काडीपैलवान नसतात. डोके पुढे करून धडक मारण्यावर तिथे १९७६ साली बंदी आली, आणि मान मोडून हातपाय कायमचे लुळे पडण्याच्या घटना १९७६ च्या हंगामातील ३४ वरून १९८४ मध्ये ५ वर आल्या. खेळाडूंच्या माना त्या आठ वर्षांत जाड झाल्या नव्हत्या. नियम बदलला होता. आणि अमेरिकेपर्यंत तरी कशाला जायचे? २०१८ साली कोल्हापूर जिल्ह्यात जत्रेच्या मैदानातच मानेवर पडून एक तरुण मल्ल गेला. ती लढत नुरा नव्हती, खाली लाल माती होती आणि तोही तालमीतच घडलेला होता.

'हातपाय हलत असतील तर मान शाबूत' हा या संदेशातील सर्वांत घातक भाग आहे. ११ मार्च २०२२ रोजी बिग ई या मल्लाला प्रतिस्पर्ध्याने रिंगबाहेर डोक्यावरून मागे फेकले आणि तो थेट डोक्यावर आपटला. स्ट्रेचरवरून नेत असताना त्याने अंगठा वर करून दाखवला. पुढे रुग्णालयातून त्याने स्वतःच सांगितले की मानेचा पहिला आणि सहावा मणका मोडला आहे, पण मज्जारज्जू वाचला आहे. म्हणजे मान दोन ठिकाणी मोडलेली आणि बोटे हलती, असा तो माणूस होता. आता कल्पना करा की अमेरिकेऐवजी तो आपल्याकडच्या एखाद्या मैदानात पडला असता आणि हा संदेश वाचलेले तिघे जण त्याच्याकडे धावले असते. मोडलेला मणका मज्जारज्जूला अगदी खेटून असतो. झटका बसला की तो सरकतो, आणि जी बोटे हलत होती ती त्याच क्षणी थांबू शकतात. श्वासाचा पडदा हलवणाऱ्या नसा मानेच्या तिसऱ्या ते पाचव्या मणक्याच्या पातळीवरून निघतात. इजा त्याच्या वर झाली तर श्वासच बंद पडतो.

मान ओढण्याची कल्पना कुठून आली असावी, हेही सांगतो, कारण तिच्यात अर्धे सत्य आहे. सरकलेले मणके जागेवर आणण्यासाठी रुग्णालयात कवटीला चिमटा लावून वजनाने ताण देतात. परंतु आधी क्ष-किरण चित्र काढून काय मोडले ते पाहतात, वजन मोजून थोडे थोडे वाढवतात आणि दर टप्प्यावर हातापायांची ताकद तपासतात. हाडवैद्याचा झटका म्हणजे तो उपचार नव्हे.

मैदानात कोणी मानेवर पडला आणि मान दुखते म्हणाला, हातापायांना मुंग्या आल्या म्हणाला किंवा शुद्धीवर नसला, तर त्याला उठवून बसवू नये, पाणी पाजू नये, हातपाय धरून जीपमध्ये तर मुळीच घालू नये. हलगी थांबवावी आणि गर्दी मागे सारावी. एकाने त्याच्या डोक्यामागे गुडघे टेकून दोन्ही हातांनी डोके ज्या स्थितीत आहे त्याच स्थितीत धरून ठेवावे आणि त्याला हलू नकोस असे सांगत राहावे. दुसऱ्याने १०८ ला फोन लावून 'मानेवर पडला आहे' हे स्पष्ट सांगावे. उलटी होऊ लागली तर तीन-चार जणांनी मिळून डोके, खांदे आणि कंबर एकाच वेळी, एका रेषेत ठेवून कुशीवर वळवावे. श्वास थांबला असेल तर मात्र मानेची चिंता मागे ठेवून छाती दाबणे सुरू करावे.

राहिला सळ्यांचा बागुलबुवा. मानेचा मणका मोडलेल्या प्रत्येकाची शस्त्रक्रिया होतेच असे नाही. बिग ईला ती करावी लागली नाही. ऑस्टिन शस्त्रक्रियेनंतर त्याच वर्षी रिंगमध्ये परतला होता. एज या तिथल्याच मल्लाच्या मानेवर २००३ मध्ये शस्त्रक्रिया झाली, त्यानंतर तो २०११ पर्यंत खेळला आणि २०२० मध्ये पुन्हा उतरला. अंथरूण धरायला लागले ते ड्रोझला, आणि ते सळ्यांमुळे नव्हे. तेलाने खांदे-मांड्या खुशाल चोळाव्यात, त्याला कोणाची हरकत नाही. मैदान भरवणाऱ्या कमिट्यांनी मात्र यंदा पहिल्या क्रमांकाच्या इनामाची रक्कम जाहीर करण्याआधी कडक फळीचे स्ट्रेचर, मानेचा पट्टा आणि मैदानाच्या कडेला उभी राहणारी रुग्णवाहिका यांची सोय काय केली आहे ते सांगावे, आणि मगच वर्गणीचे पावती पुस्तक बाहेर काढावे.