जिवाणू येईल आणि प्लास्टिक खाईल म्हणे!

कल्याणच्या मामांनी परवा घरच्या ग्रुपवर 'समुद्रातल्या प्लास्टिकचं सत्य' नावाचा फॉरवर्ड टाकला. सोडून दिलं असतं, पण तोच त्यांनी सोसायटीच्या ग्रुपवरही टाकला, वर लिहिलं, 'ओला-सुका वेगळा करायची कटकट आता बंद करा.' लगेच भराभर अंगठे!

त्यातला सगळ्यात अफलातून दावा: जपानला प्लास्टिक खाणारा जिवाणू सापडलाय, तो समुद्रात सोडला की दोन-चार वर्षांत सगळं साफ. जिवाणू सापडला, हे खरं. साकाई शहरात बाटल्यांवर प्रक्रिया करणाऱ्या कारखान्याजवळ सापडला म्हणून नाव इडिओनेला साकाएन्सिस. २०१६ साली 'सायन्स' या विज्ञान नियतकालिकात त्यावर शोधनिबंध आला. तो नीट वाचला तर फॉरवर्डची हवाच जाते. हा पठ्ठ्या खातो फक्त पेट, म्हणजे पाण्याच्या बाटलीचं प्लास्टिक. तेही बाटलीसारखं कडक नव्हे, पातळ मऊ फिल्म, प्रयोगशाळेत ३० अंश सेल्सिअसला ठेवलेली. ती संपवायला त्याला सहा आठवडे लागले. दुधाची पिशवी पॉलिथिनची, तिच्या वाटेला तो जात नाही. रिकामी बाटली पाणी भरून बुडते. खोल समुद्राच्या तळाशी पाणी चार अंशांच्या आसपास, तिथे हा काय खाणार? आणि उद्या सगळंच खाणारा निघालाच, तर कोळ्यांची वापरातली जाळी तो सोडून देणार आहे का?

'खाऱ्या पाण्यात प्लास्टिक विरघळतं.' नाही विरघळत. उन्हाने आणि लाटांनी तुकडे पडतात, पाच मिलिमीटरच्या आतले झाले की मायक्रोप्लास्टिक. ते मासे आणि कालवं गिळतात. पुढे?

'बहुतेक कचरा मासेमारीच्या जाळ्यांचा.' बरं, यात तथ्य आहे. हवाई आणि कॅलिफोर्नियाच्या मधल्या त्या प्रसिद्ध कचरापट्ट्यात वजनाने ४६ टक्के जाळीच आहेत, असं २०१८च्या पाहणीत निघालं. पण ते तिथलं. पावसाळ्यात भरतीनंतर दादर चौपाटीवर जाऊन बघा: दुधाच्या पिशव्यांचे कापलेले कोपरे, शाम्पूच्या पुड्या, आणि २०१२पासून राज्यात बंदी असलेल्या गुटख्याच्याही.

'९० टक्के प्लास्टिक दहा नद्यांतून येतं, त्या चीन-आफ्रिकेतल्या.' हा आकडा २०१७च्या अभ्यासातला, आणि तो नद्यांमार्गे येणाऱ्या प्लास्टिकपुरता, सगळ्या समुद्राचा नव्हे. शिवाय त्या दहांत गंगा आणि सिंधूही आहेत. फॉरवर्डवाल्याने त्या सोयीस्कर गाळल्या. २०२१च्या अभ्यासाने तर दहा नद्यांचं गणितच मोडलं: ८० टक्क्यांसाठी हजाराहून जास्त नद्या लागतात, आणि शहरांतून वाहणाऱ्या लहान नद्या जास्त घाण नेतात. त्या यादीत वरच्या रांगेत आहे आपली उल्हास. मामा, तुमच्या कल्याणवरून वसईच्या खाडीला जाते तीच. हेही टाका सोसायटीच्या ग्रुपवर.