पॅरा सहा नाकबूल

घरात एखाद्याचं इंग्रजी बरं आहे अशी अफवा एकदा पसरली ना की त्या माणसाचं आयुष्य संपतं. इन्शुरन्सचा फॉर्म, गॅस एजन्सीला तक्रार, कुणाच्या तरी सुनेचा व्हिसा, सगळं याच्याकडे. माझं इंग्रजी बरं आहे असं आमच्या काकांनी कधीतरी ठरवलंय, त्यामुळे मालकानं खोली खाली करून मागायचा दावा लावला आणि वकिलांकडून लेखी कैफियतीचा, म्हणजे दाव्याला कोर्टात द्यायच्या उत्तराचा, ड्राफ्ट आला तेव्हा फोन मलाच आला. "अरे फार काही नाही, फक्त टायपिंगच्या चुका बघायच्यात, फाइल करायच्या आधी." फार काही नाही म्हणे.

आधी थोडं सांगतो म्हणजे कळेल. काकांची खोली गिरगावात, चाळीत, दुसऱ्या मजल्यावर, भाडं महिना १८० रुपये. मालक समोरच्याच बाजूला पहिल्या मजल्यावर राहतात आणि दोन्ही घरांत दिवाळीच्या फराळाची देवाणघेवाण अजून चालू आहे, दावा लागल्यावरही चालू आहे, काकूच्या मते यंदा त्यांच्या चिवड्यात शेंगदाणे कमी होते एवढाच काय तो परिणाम. दावा मुंबईच्या लघुवाद न्यायालयात, म्हणजे धोबी तलावच्या स्मॉल कॉजेस कोर्टात, महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ खाली. काका त्याला अजून "नवीन कायदा" म्हणतात, कारण त्यांचं खरं प्रेम १९४७ च्या रेंट ॲक्टवर. नवीन कायदा लागू झाला ३१ मार्च २००० ला.

मालकाचे मुद्दे चार. भाडं थकलं (घ्यायलाच नकार दिला, मनीऑर्डरी परत आल्या, तरी थकलं), परवानगीशिवाय पक्कं बांधकाम केलं, खोली सहा महिन्यांपेक्षा जास्त वापराविना बंद होती, आणि मुलाचं लग्न ठरलंय तेव्हा खोली त्यांनाच हवी. समन्स बजावल्यापासून कैफियत द्यायला कायदा ३० दिवस देतो, कोर्टानं कारण नोंदवून मुदत दिली तर ९० पर्यंत. आमचे ३० कधीच सरलेले, मुदत घेतलेली, आणि तीही शेपटाकडे आलेली.

तर मी रविवारी सकाळी लाल पेन घेऊन बसलो. पहिल्याच पानावर प्रतिवादी ही कुणा एका कैलासवासी गृहस्थांची विधवा असल्याचं कळलं. वकीलसाहेबांच्या ज्युनियरनं दुसऱ्या कुठल्यातरी केसचा ड्राफ्ट घेऊन त्यावर आमची नावं चिकटवली होती, पण सगळीकडे चिकटली नव्हती. काका शांतपणे म्हणाले, "म्हणजे मी बाई आहे, आणि माझा नवरा वारलाय." काकू म्हणाली की खोडा ते आधी, सकाळी सकाळी. ते सोपं होतं. तिसऱ्या पानावर आलं की प्रतिवादी सदर जागेत शिवणकामाचा धंदा करते. मी हसत हसत त्याच्यावर पण काट मारली, वर बघतो तर काकूचा चेहरा पांढराफटक. काकू दुपारी चाळीतल्या बायकांच्या साड्यांना फॉल-पिको करून देते. "त्यांना कसं कळलं?" ती कुजबुजली. "कुणी सांगितलं असेल रे?" मी समजावलं की अगं काकू हे तुझ्याबद्दल नाहीच, ही दुसरीच बाई आहे, दुसऱ्या केसमधली. पटलं नाही तिला. तिनं उठून मशीनवर चादर टाकली, त्यावर गणपतीचा फोटो ठेवला, आणि मग परत येऊन बसली.

पण खरा बॉम्ब पुढेच होता. कैफियत म्हणजे काय असतं तर दाव्यातल्या प्रत्येक पॅराला एकेक उत्तर, हे खरं, हे खोटं, हे माहीत नाही. आणि दिवाणी प्रक्रिया संहितेत ऑर्डर आठ रूल पाच म्हणून एक गोष्ट आहे, जी मी आयुष्यभर विसरणार नाही. त्यात म्हटलंय की दाव्यातली जी गोष्ट तुम्ही स्पष्टपणे नाकारत नाही ती तुम्ही कबूल केली असं धरलं जातं. म्हणजे गप्प बसलात तर हो म्हणालात. आमच्या ज्युनियरनं दाव्यातल्या पॅरा ३ आणि ४ ला मिळून एकच उत्तर दिलं होतं, ठीक आहे, चालतं, पण त्याला नंबर दिला ३ आणि पुढच्याला ४. झालं. तिथून पुढे सगळी उत्तरं एकेक घर सरकली. दाव्याचा पॅरा ६ म्हणतो खोली सहा महिन्यांच्या वर बंद आहे, आणि आमची कैफियत पॅरा ६ ला म्हणते, खरं आहे, याबाबत वाद नाही. दाव्याचा पॅरा ७ म्हणतो भाडं महिना १८० रुपये आहे, आणि आम्ही त्याला म्हणतो की हे साफ खोटं, खोडसाळ, आणि वादीनं याचा कडक पुरावा द्यावा. शेवटच्या पॅराला तर उत्तरच उरलं नव्हतं.

मी दोन्ही कागद शेजारी ठेवून हे काकांना दाखवलं तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "टायपिंग मात्र स्वच्छ आहे हो."

मग आमची पद्धत ठरली. मी दाव्याचा पॅरा वाचणार, काका सांगणार खरं का खोटं, मी कैफियतीत तेच लिहिलंय का बघणार. कागदावर फार सोपं वाटतं हे. अडचण अशी की आमचे काका कापड गिरणीच्या अकाउंट्समध्ये आयुष्य काढलेले, त्यांना खोटं म्हणवत नाही आणि काकूला खरं म्हणवत नाही. मी वाचायचो, "वादी हे सदर इमारतीचे मालक आहेत." काकू लगेच, "नाकबूल!" अगं ते मालक आहेतच ना? "असतील. आपण कशाला सांगा?" मी वाचायचो, "प्रतिवादी हे भाडेकरू आहेत." "नाकबूल!" मी म्हटलं काकू, भाडेकरू नाही म्हटलंस तर उद्या चालती हो म्हणतील, सगळा बचाव भाडेकरू असण्यावरच आहे. मग कुठे ती जराशी थंड झाली. पण शब्द तिला आवडला होता. दुपारी काकांनी आमटीत मीठ जास्त झालंय म्हटलं तर आतून आवाज, नाकबूल.

उलट काका. पॅरा ६, खोली बंद होती. काका म्हणाले, "होती की. गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा मी बदलापूरला मुलाकडे होतो." किती? "पावणेपाच महिने." मग झालं तर, कायद्याला दाव्याच्या आधीचे सलग सहा महिने लागतात, आणि तेही योग्य कारणाशिवाय, आपल्याकडे महिने पण कमी आणि कारण पण टाक्यांसकट. मी लिहिलं की सहा महिने बंद होती हे नाकबूल. काका म्हणाले, पण मग मी इथेच होतो असं वाटेल, ते खोटं ठरेल, पावणेपाच लिही. गंमत म्हणजे कायदा काकांच्या बाजूचा निघाला. ऑर्डर आठलाच रूल चार आहे, मोघम नाकारू नका, मुद्द्याला धरून नाकारा. अमुक रक्कम मिळाली नाही एवढंच म्हणून भागत नाही, ती किंवा तिच्यातला कुठलाही भाग मिळाला नाही असं म्हणावं लागतं, किंवा किती मिळाली ते सांगावं लागतं. काका खूष. हा रूल कुणीतरी अकाउंट्सवाल्यानंच लिहिलाय असं त्यांचं मत पडलं.

बांधकामाचा पॅरा म्हणजे काकूचा प्रांत. मालकाचं म्हणणं, स्वयंपाकाचा ओटा बांधला आणि खोलीत पोटमाळा घातला. ओट्यासाठी मी कायदा उघडला आणि थक्क झालो, कलम १६ मध्ये चक्क ओट्याचा उल्लेख आहे! उभ्यानं स्वयंपाक करायचा ओटा, लाकडी पार्टिशन, हवेसाठी खिडकी, फॉल्स सीलिंग, एसी, धुराडं, यांना मालकाची परवानगी लागत नाही, हेरिटेज इमारत नसेल आणि जिथे गरज असेल तिथे महापालिकेची परवानगी असेल तर. म्हणजे विधिमंडळात बसून कुणीतरी गिरगावातल्या काकूंच्या कंबरेचा विचार केलाय. काकूला हे वाचून दाखवलं तर ती म्हणाली त्यात काय नवल, त्यांच्या पण बायका असतीलच की.

माळा मात्र त्या यादीत नाही. तो १९८८ चा, लाकडी, आणि परवानगी घेतलेली आताच्या मालकांच्या वडिलांची. लेखी आहे का? काकांनी कपाटातून तार काढली. तारेत ओवलेल्या भाडेपावत्या, किती वर्षांच्या देव जाणे, खालच्या तर पिवळ्या होऊन तुकडे पडायला आलेल्या, आणि त्यातल्या एकीच्या मागे शाईनं लिहिलेलं, "माळ्यास हरकत नाही. ठोकाठोकी दुपारी करू नये." खाली सही. मी वकीलसाहेबांना फोटो पाठवला, त्यांचा लगेच फोन. त्यांनी एवढ्या उत्साहानं कधीच फोन केला नव्हता. ओरिजिनल सांभाळा, लॅमिनेट करू नका, कागदपत्रांच्या यादीत घाला. यादीत लाइट बिलं होती, रेशनकार्ड होतं, परत आलेल्या मनीऑर्डरी होत्या, आणि का कोण जाणे त्या शिवणकामवाल्या बाईंचं शॉप लायसन्स पण होतं. ते काढलं.

मुलाच्या लग्नाच्या पॅरावर मात्र गाडी पार अडली. काकांनी त्या मुलाला दहावीपर्यंत गणित शिकवलेलं. "त्याला खोली लागणार हे खरंच आहे रे," काका म्हणाले, "हॉलमध्ये झोपतो पोरगा." काकूनं कपाळाला हात लावला. मी वकीलसाहेबांना फोन लावून स्पीकरवर टाकला. ते म्हणाले, काका, तिसऱ्या मजल्यावर त्यांची एक खोली रिकामी आहे ना? "हो, ते पण खरं." मग तेच लिहू की. शिवाय खोली सोडून तुमचे जास्त हाल होणार की न मिळून त्यांचे, हेही कोर्ट बघतं, तेव्हा तुमचे हाल जरा सविस्तर द्या. हे ऐकून काकूनं सांगायला सुरुवात केली, गुडघा, बीपी, तिची मोतीबिंदूची तारीख, नळाचं पाणी, बदलापूरच्या लोकलची गर्दी, सुनेचा स्वभाव. काका म्हणाले सुनेचा स्वभाव काढ. शेवटी हालांचं एक पान झालं, ते वाचून काकांचा चेहरा पडला, म्हणाले एवढा लाचार माणूस मी नाहीये, अर्धं खोड. अर्धं खोडलं. काकूनं हळूच पाव परत घातलं.

सगळ्यात शेवटी व्हेरिफिकेशन, म्हणजे सत्यापन. तिथे नुसतं सगळं खरं आहे म्हणून चालत नाही, कुठले पॅरे स्वतःच्या माहितीवरून खरे आणि कुठले दुसऱ्याकडून कळलेल्या माहितीवरून खरे मानतो, हे नंबरवार द्यायचं, खाली तारीख, ठिकाण, सही. ज्युनियरनं लिहिलं होतं, १ ते १४ स्वतःच्या माहितीवरून. काका म्हणाले, पॅरा २ मध्ये माझा जन्म १९५१ साली याच खोलीत झाला असं आहे. मग? "मी तिथे होतो हे खरं, पण मला आठवत नाही. हे आईनं सांगितलेलं." आता यावर माणूस काय बोलणार? पॅरा २ ऐकीव माहितीत टाकला. सही करायला काकांनी पेन हातात घेतलं तेव्हा मला खरंच भरून आलं, एकतर काम संपलं म्हणून आणि दुसरं म्हणजे भूक लागली होती.

तेवढ्यात काकांनी पेन खाली ठेवलं. "याची बेरीज चुकलीय."

आपली नव्हे, मालकाची. दाव्याच्या तिसऱ्या पानावर थकबाकी, १४ महिने, दर महिना १८०, एकूण २२५०. काका म्हणाले, "चौदा गुणिले एकशेऐंशी, दोन हजार पाचशे वीस. २७० रुपयांचं नुकसान केलंय त्यानं स्वतःचं." काकू म्हणाली, अहो गप्प बसा. परत वकीलसाहेब, परत स्पीकर. ते म्हणाले काका, समन्सपासून ९० दिवसांच्या आत आपण पूर्ण थकबाकी, १५ टक्के साधं व्याज आणि खर्चासकट कोर्टात भरतोच आहोत, पूर्ण म्हणजे २५२० धरूनच, आणि पुढचं भाडंही भरत राहणार, तेव्हा त्यांची बेरीज त्यांना करू द्या, तुम्ही सही करा. काकांनी सही केली. पण चेहरा काही मोकळा झाला नाही, चौदा वेळा व्याज काढून झालं, पावत्यांची तार परत कपाटात गेली, तरी ते पुटपुटतच होते की असं चुकीचं कोर्टात जाणं बरं नव्हे, जज्ज काय म्हणतील त्याला.

काकूनं त्यांचा मोबाइल उचलून फॉल-पिकोच्या साड्यांखाली सरकवला आणि मला खूण केली की जेवायला चल. आम्ही पानं घेतो तोवर काका गॅलरीत पोचले होते, कठड्यावर वाकून, समोरच्या पहिल्या मजल्याच्या खिडकीकडे बघत, अख्ख्या चाळीला ऐकू जाईल अशा आवाजात,

"अहो, आहात का घरात? जरा तुमच्या दाव्याचं पान तीन काढा बघू!"