‘रिझल्ट दाखवा, अनुदान घ्या’ म्हणे अमेरिकेत चाललं

ग्रुपाग्रुपात एक मेसेज फिरतोय. सार असं की अमेरिकेत कम्युनिटी कॉलेजला (म्हणजे दोन वर्षांची, स्वस्त, कुणालाही प्रवेश देणारी सरकारी कॉलेजं) पटसंख्येवर नाही तर निकालावर (म्हणजे किती जण पुढे सरकले, डिग्री पुरी केली यावर) सरकारचे पैसे मिळतात, त्यामुळे ती सुधारली, डेटा सगळा उघड आहे, आणि आपल्या अनुदानित कॉलेजांनाही आता हाच डोस द्या. वाचायला झकास वाटतं. एकेक मुद्दा घेऊ.

‘अमेरिकेत असंच असतं.’ अहो अमेरिकेत म्हणजे कुठं? दर राज्याचा हिशोब निराळा. टेनेसीनं 1979 ला सुरुवात केली तेव्हा ती वरची चिरीमिरी होती, मुख्य पैसा निकालाला बांधला तो 2010 च्या कायद्यानंतर. ओहायोत कम्युनिटी कॉलेजचं जवळपास सगळं राज्य अनुदान निकालावर. आणि कॅलिफोर्नियाचा 2018 चा फॉर्म्युला? यशाला साधारण 10 टक्के, गरीब विद्यार्थ्यांच्या संख्येला 20, आणि उरलेले 70 टक्के तीच आपली पटसंख्या!

‘पैसे अडवले की निकाल वाढतो.’ इथंच खरी गोम आहे. वॉशिंग्टन राज्यानं 2007 ला कम्युनिटी कॉलेजांसाठी योजना आणली, विद्यार्थ्यानं पहिले 15 क्रेडिट (विषय पास झाल्यावर जमा होणारे गुणांक) पूर्ण केले की कॉलेजला पॉइंट, 30 झाले की पॉइंट, कॉलेज लेव्हलचं गणित सुटलं की पॉइंट, आणि पॉइंटांवर पैसे. कल्पना वाईट नव्हती, वाटेतली प्रगती मोजायची म्हणून बऱ्याच जणांनी कौतुकही केलं. पुढे हिलमन, टँडबर्ग आणि फ्रायर या संशोधकांनी 2015 मध्ये ही कॉलेजं इतर राज्यांतल्या कॉलेजांशी ताडून पाहिली तर दोन वर्षांच्या डिग्र्या सरासरीनं काही वाढलेल्या नाहीत, विद्यार्थी टिकण्याचं प्रमाणही नाही. वाढली कशी तर छोट्या मुदतीची सर्टिफिकिटं. आता मला सांगा, डिग्रीपर्यंत पोचवायला वर्षानुवर्षं खपायचं आणि सर्टिफिकीट काही महिन्यांत हातात, मग कॉलेज काय करणार?

‘डेटा खोटं बोलत नाही.’ खोटं नाही बोलत, पण कुणाला मोजायचं ते आधी कुणीतरी ठरवतं ना. अमेरिकेच्या केंद्र सरकारचा जो गाजलेला ग्रॅज्युएशन रेट (डिग्री पुरी करणाऱ्यांचं प्रमाण) आहे तो फक्त पहिल्यांदाच कॉलेजात आलेल्या, फुल-टाइम विद्यार्थ्यांचा, आणि दोन वर्षांच्या डिग्रीला मुदत तीन वर्षं. कम्युनिटी कॉलेजात बहुतेक जण पार्ट-टाइम! दिवसा गोदामात काम करून संध्याकाळी दोन विषय घेणारी बाई या आकड्यात नाहीच. आणि जो पोरगा दीड वर्षात क्रेडिट घेऊन थेट युनिव्हर्सिटीत गेला, म्हणजे जे व्हायला हवं तेच झालं, तो ग्रॅज्युएट म्हणून धरला जात नाही, ट्रान्सफरचा रकाना वेगळा. 2015-16 पासून पार्ट-टाइमवाले धरून आठ वर्षांपर्यंतचा नवा हिशोब सुरू झालाय, पण मेसेजवाल्यांनी उचलला तो जुनाच आकडा.

‘कच्च्या मुलांकडे कॉलेजं जास्त लक्ष देतील.’ देतील, किंवा ती येणारच नाहीत असं बघतील. इंडियाना राज्यात निकालावर अनुदान आल्यावर चार वर्षांच्या सरकारी विद्यापीठांची प्रवेशाची चाळणी बारीक झाल्याचं अभ्यासात दिसलंय. आपल्याला हे नवीन आहे का? दहावीचा निकाल शंभर टक्के लागावा म्हणून नववीतल्या कच्च्या पोराला 17 नंबरचा फॉर्म भरायला लावणाऱ्या शाळा कुणी पाहिल्या नाहीत? टेनेसीनं यावर उतारा म्हणून गरीब आणि वयानं मोठ्या विद्यार्थ्यांच्या निकालाला सुरुवातीला 40 टक्के जादा वजन दिलं, हे मान्य, पण मेसेजमध्ये त्याचं नावही नाही.

‘पैसा नाही, जबाबदारी हवी.’ न्यूयॉर्कच्या क्युनीनं (तिथल्या सरकारी सिटी युनिव्हर्सिटीनं) 2007 ला आपल्या कम्युनिटी कॉलेजांत असॅप नावाचा कार्यक्रम सुरू केला. अट फुल-टाइम शिकण्याची, आणि बदल्यात वारंवार भेटणारा सल्लागार, शिकवणी, उरलेली फी माफ, मेट्रोचं कार्ड, पुस्तकांना मदत. चिठ्ठ्या टाकून दोन गट केले, एकाला कार्यक्रम दिला, दुसऱ्याला नाही, आणि तपासलं तेव्हा तीन वर्षांत डिग्री घेणारे 22 च्या जागी 40 टक्के निघाले. दर विद्यार्थ्यामागे तीन वर्षांत सोळा हजार डॉलरच्या वर जादा खर्च आला, तरी एका डिग्रीमागचा खर्च उलट कमीच पडला. हेच मॉडेल पुढे ओहायोतल्या तीन कम्युनिटी कॉलेजांनी उचललं, मेट्रोच्या जागी दर महिन्याला पेट्रोल-किराण्याचं कार्ड, आणि तिथं 19 चे 35 टक्के झाले. ओहायो, म्हणजे तेच राज्य जिथं जवळपास सगळं अनुदान आधीपासून निकालाला बांधलेलं होतं, आणि त्या बांधलेल्या अनुदानावर ज्यांना हा कार्यक्रम मिळाला नाही ते अडकले होते 19 वरच.